आमची वाटचाल: खुरपं, विळा आणि कोयत्याची वही

आजोबांचं पहिलं दुकान पाण्यात गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांबरोबर कसब्यातली आमची आठ बाय दहाची खोलीही बुडाली. पाणी ओसरल्यावर आजोबांनी चिखलातून खुरपी, विळे, कोयते असं एकेक हत्यार वेचून काढलं. आजीने ते राख आणि रॉकेल लावून गोणपाटाने घासलं. तोच माल पोत्यात भरून आजोबा हडपसरला आले आणि रस्त्याच्या कडेला पथारी टाकून बसले. आमचं आजचं दुकान तिथून शंभर पावलांवर आहे.

त्या वेळी हडपसर म्हणजे मळे. भाजी, फुलं, पुढे सोलापूर रस्त्याला लागलं की ऊस. आजोबा माल बाहेरून आणत नसत. दोन लोहारांना बांधून घेतलं होतं, गाडीच्या पाट्याचं पोलाद स्वतः आणून द्यायचे आणि ऐरणीजवळ उकिडवे बसून बघायचे. तापलेलं पातं पाण्यात कधी घालायचं यावरून त्यांचं आणि लोहाराचं दर आठवड्याला वाजायचं. चांगल्या पात्यावर, मुठीपासून दोन बोटं अंतरावर, छिन्नीने एक चांदणी उठवायची. ती आमची खूण. वडिलांनी दुकानाला शटर लावलं, मी संगणकावर बिल आणलं. चांदणी तशीच राहिली.

गिऱ्हाईक मात्र बदललं. मगर मंडळींनी जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, आजूबाजूचे मळे गुंठ्यांनी गेले. ज्यांना मी लहानपणी फावडी देत होतो, त्यांची मुलं आता ड्रिल मशिन आणि बाथरूमचे नळ न्यायला येतात. आज रुपयातले बारा आणे बांधकाम आणि प्लंबिंगच्या मालातून येतात. शेतीची अवजारं उरली दोन आणे, त्यातही कोयता थोडाच. पण दसऱ्याच्या आधी एक गर्दी अजून येते. बीड, पाथर्डीकडचे मुकादम ऊसतोड मजुरांच्या टोळ्या घेऊन साखर कारखान्यावर निघतात, तेव्हा वाटेत आमच्याकडे थांबतात. उसाच्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम काउंटरवर येऊन म्हणतो, “पंधरा कोयत्यांचा माल काढा,” म्हणजे तीस माणसांसाठी तीस पाती, वर कानशी वेगळ्या.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढे जे घडलं त्यात ‘कोयता’ या शब्दाचा अर्थच आमच्या हातून निसटला.

साधारण २०१९-२० पासून घाऊक व्यापारी एक नवा प्रकार दाखवायला लागले. पातं दीड-दोन फूट, टोकाला आकडा, मुठीला रंगीत रबर, पॉलिश आरशासारखं. त्याला पाणी नीट दिलेलं नसायचं. दोन ऊस तोडले तर धार वळायची. मी व्यापाऱ्याला विचारलं, हा कोण घेतो? तो म्हणाला, “शेठ, ठेवून तर बघा.” ठेवला आणि खपला. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. एका पात्यावर साधा विळा देतो त्याच्या तिप्पट सुटत होते आणि मी कोण घेतंय ते बघत नव्हतो.

खरं म्हणजे बघत होतो. शेतकरी कोयता हातात घेतला की आधी अंगठा धारेवर आडवा फिरवतो, मग नखाने टिचकी मारून आवाज ऐकतो, मग मूठ हलते का ते बघतो. हा नवा प्रकार घेणारी पोरं धार बघत नसत. लांबी बघायची. एक जण गाडी चालू ठेवून बाहेर थांबायचा, दुसरा आत येऊन म्हणायचा, “काका, मोठ्यातला दाखवा ना.” एकदा एकाने तो हातात घेऊन माझ्या दुकानातच व्हिडिओ काढला. मी हसलो होतो.

२०२२ च्या दिवाळीनंतर एका दुपारी एक हवालदार आले, ओळखीचेच. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं आणि कागद थोडासा उलगडून विचारलं, “ही चांदणी तुमची ना?” चांदणी आमचीच होती. लांबड्या फॅन्सी पात्याला ती नसते. म्हणजे हा आमच्या लोहाराने केलेला, खरा, कामाचा कोयता होता. दोन किलोमीटरवरच्या एका ज्यूसवाल्याने फुकट ज्यूस द्यायला नकार दिला म्हणून चार पोरांनी गाडा फोडला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. कोणाला विकला होता, हे हवालदारांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. चांगल्या मालावर आपली खूण उठवायची आणि तो कुणाच्या हातात गेला ते ठाऊक नाही, हे आजोबांना चाललं नसतं असं वाटलं. पण तेही नुसतं माझं वाटणं. त्यांच्या काळी कोणी विचारायला आलं नव्हतं.

कायद्याने आम्ही मोकळे होतो. निव्वळ शेतीच्या किंवा घरगुती वापराच्या वस्तू १९५९ चा शस्त्र कायदा शस्त्रांत धरत नाही. मराठीला मात्र हा फरक मान्य नाही. सुताराची ती हत्यारं आणि गुंडाचंही हत्यारच. खंडेनवमीला आमच्या दुकानात जी पूजा होते, तिला आजी शस्त्रपूजा म्हणायची आणि पाटावर मांडायची खुरपी.

त्याच आठवड्यात अमेरिकेतून, पिट्सबर्गच्या भाच्याचा फोन आला. बहिणीने त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, मामा, इथे आमच्या गावाजवळच खेळ-शिकारीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचं मुख्य ऑफिस आहे, डिक्स स्पोर्टिंग गुड्स, त्यांच्यावरही हीच वेळ आली होती. हीच म्हणजे? तर बंदुकांवरून. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत एका तरुणाने १७ जणांना मारलं. कंपनीने आपली वही तपासली, तर त्या मुलाने आधी एक शॉटगन त्यांच्याच दुकानातून घेतलेली निघाली. हल्ल्यात वापरलेली ती नव्हती, विक्रीही कायद्यानुसार झाली होती. तरी दोन आठवड्यांत, २८ फेब्रुवारीला, मालक एड स्टॅक यांनी जाहीर केलं की लष्करी धाटणीच्या रायफली आमच्या कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत आणि २१ वर्षांखालच्या कोणालाही बंदूक विकणार नाही. वॉलमार्टनेही त्याच दिवशी वय २१ वर नेलं. शिल्लक रायफली डिक्सने कारखान्यांकडे परत पाठवल्या नाहीत. सुमारे ५० लाख डॉलरचा माल मोडून भंगारात काढला.

मी विचारलं, गिऱ्हाईक काय म्हणालं? भाचा हसला. म्हणाला, काही जण आभार मानायला आले, पण शिकारवाले तुटले. दुकानातली काही माणसं नोकरी सोडून गेली, बंदुका बनवणाऱ्या एका कंपनीने संबंध तोडले, ओरेगॉनमधल्या २० वर्षांच्या एका मुलाने ‘वयावरून भेदभाव करता’ म्हणून डिक्स आणि वॉलमार्ट दोघांवर दावा लावला. या सगळ्यात धंद्याला २५ कोटी डॉलरचा फटका बसला असा अंदाज पुढे स्टॅक यांनीच सांगितला. त्यांची सातशेच्या वर दुकानं, माझं एक. पण त्यांचीही सुरुवात १९४८ मध्ये बिंगहॅम्टन गावात गळ-आमिष विकणाऱ्या दुकानातून झाली, हे ऐकून उगाचच जवळीक वाटली.

मग पाटी लावली. खडूने, बायकोच्या अक्षरात. फूटभरापेक्षा लांब पातं मिळणार नाही. २१ च्या आतल्याने घरचं मोठं माणूस आणावं. नाव, फोन आणि उपयोग वहीत लिहावा. कोयते दर्शनी भागातून काढून मागच्या लोखंडी कपाटात गेले. फॅन्सी मालाची ११४ पाती शिल्लक होती. व्यापारी परत घ्यायला तयार होता, पण परत म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या दुकानात जाणार. ती आमच्या लोहाराकडे नेली. त्याने एक पातं भट्टीत घातलं, ठोकलं आणि म्हणाला, “यात दम नाय. विळे पण नीट होणार नाय.” शेवटी निम्म्याची उलथणी झाली, बाकी किलोच्या भावाने गेलं.

पहिल्या महिन्यात जे ऐकलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. फुरसुंगीचे एक तात्या, वडिलांचे दोस्त, नेहमीसारखे आले. वही पुढे केली तर बघतच राहिले. “तुझ्या बापाची उधारी मी कांद्याच्या पैशांवर फेडत होतो, आणि तू माझं नाव विचारतोस?” मी म्हटलं, तात्या, नाव मीच लिहितो, तुम्ही फक्त बसा. बसले नाहीत. कोयता न घेता गेले आणि पुढे आठ महिने फिरकले नाहीत. एक मुकादम म्हणाला, तीस जणांची नावं लिहीत बसलो तर कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत पोचणार कसा? त्याच्यासाठी त्याचं एकट्याचं नाव आणि टोळीचा आकडा, एवढ्यावर भागवलं. नियम करणं सोपं असतं, त्याला बिजागऱ्या नंतर लावाव्या लागतात.

कौतुक करणारेही आले. सोसायटीतल्या ताई, निवृत्त प्राध्यापक, मॉर्निंग वॉकवाले. “फार छान केलंत, समाजाला गरज आहे.” त्यातल्या एकानेही आयुष्यात कोयता घेतला नव्हता आणि त्या दिवशी खिळाही घेतला नाही. नाराज झाले ते माझी रोजीरोटी चालवणारे, खूश झाले ते रस्त्याने जाणारे.

‘उपयोग’ या रकान्याने मात्र करमणूक झाली. ऊस, नारळ, बाभळी तोडणे, हे ठीक. एकाने ‘सासू’ लिहिलं. एकाने ‘घरगुती वाद’ लिहून खाली सही केली. बायकोने ते पान फाडू दिलं नाही.

बाकी पोरं आली ती पाच जण, दोन गाड्यांवर. एकाच्या फोटोचा फ्लेक्स चौकात लागला होता. खुर्च्या ओढून बसले, चहा मागवला, पैसेही दिले. “काका, भाऊचा वाढदिवस आहे. केक कापायचाय, एक तरी काढा.” मी म्हटलं, सुरी देतो, स्टीलची, पन्नास रुपये. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यातला सर्वांत लहान फिसकन हसला आणि त्याला मोठ्याने टपली मारली. उठून गेले. त्या रात्री मी शटरचं कुलूप तीनदा ओढून बघितलं.

आता मला ज्याचा त्रास होतो तो भाग. डिसेंबरातच एक मुलगा आला. केस पिवळे रंगवलेले, कानात बाळी, मोबाइलच्या मागे कुणाचा तरी स्टिकर. म्हणाला, जड कोयता पाहिजे. वय विचारलं, १९. मी नाही म्हणून थांबलो असतो तर चाललं असतं, नियम होता. पण मी वर म्हणालो, “कुठल्या गँगचा रे तू?” दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. तो काही न बोलता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. गाडीतळाच्या अलीकडे शहाळ्यांचा गाडा लावते, मी तिच्याकडून पाणी प्यायलोय. तिने पिशवीतून जुना कोयता काढून काउंटरवर ठेवला. पाजवून पाजवून पातं निम्मं झालेलं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मुठीजवळ अर्धी झिजलेली चांदणी. “नवरा गेला तेव्हापासून पोरगंच तासतंय शहाळी. काल घरी येऊन जेवला नाही.” मी माफी मागितली, नवा कोयता काढला, पैसे नको म्हणालो. तिने नोटा मोजून ठेवल्या आणि म्हणाली, “वहीत लिहा. सगळ्यांचं लिहिता तसं.”

नंतर सीसीटीव्हीत तो आदला दिवस पुन्हा बघितला. काउंटरवर नमुन्याला एक कोयता पडला होता. मुलगा आत आल्या आल्या त्याने तो उचलून अंगठा धारेवर आडवा फिरवला होता. एवढी वर्षं मी जे बघतो, तेच त्या क्षणी बघितलं नव्हतं. केस बघितले.

त्यानंतर दुकानात एक बदल केला. प्रश्न मी विचारत नाही, वही विचारते. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने, तात्यांनाही आणि ओळखीच्या नगरसेवकालाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात पोलिसांनीच कोयता विकताना आधार कार्ड बघायला सांगितलं, तेव्हा आमचं काम सोपं झालं. ‘वरून आदेश आहे’ म्हटलं की वाद निम्मा होतो. त्याच वर्षी २७ जूनला सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी तिला वाचवलं. त्या संध्याकाळी तीन गिऱ्हाइकं वही स्वतःहून पुढे ओढून लिहून गेली. तात्याही पुढच्या महिन्यात आले. आधार कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं. “घे, छाप,” म्हणाले.

पैशांचं म्हणाल तर कोयत्याची विक्री पहिल्या वर्षी निम्म्याच्या खाली आली. फुटकळ गेली त्याचं दुःख नव्हतं, आठवडी बाजारासाठी पंचवीस-तीस नग उचलणारे तिघे गेले ते लागलं. ते आता दुसरीकडून घेतात. आणि जो लांबडा प्रकार मी भंगारात घातला, तो फोनवर दोन बटणं दाबली की सूट कापून घरपोच येतो, हेही मला माहीत आहे. विळे आणि खुरपी मात्र थोडी वाढली. घरच्या बागेसाठी लहान खुरपं करून घेतलं, त्याला सोसायट्यांतून मागणी आहे. मॉर्निंग वॉकवाल्यांनी अखेर काहीतरी घेतलं.

शहाळेवालीचा मुलगा गेल्या पावसाळ्याआधी आला. आता २१ पूर्ण. केस काळे होते, बाळी होतीच. आधार कार्ड ठेवलं, कोयता उचलला, अंगठा फिरवला, टिचकी मारली, परत ठेवला. दुसरा मागितला. तोही परत. तिसऱ्याला होकार दिला. मी वहीत नाव लिहिलं आणि उपयोगाच्या रकान्यापाशी थांबलो. त्याने वही स्वतःकडे फिरवून घेतली, ‘शहाळी’ लिहिलं, सुटे पैसे मोजून घेतले आणि गेला. माझ्याशी तो अजून बोलत नाही.