छत्तीस फ्रेमचा हिशेब

फिल्म कॅमेरा हाती आला तेव्हा वाटलं, मोठा खर्च झाला, आता फक्त फोटो काढायचे. चौथा रोल लॅबमधून परत आला त्या दिवशी वहीत त्याच्या खर्चाची बेरीज केली आणि तिला 36ने, म्हणजे एका रोलमधल्या फोटोंच्या संख्येने भागलं. पुढचा महिनाभर शटरवरचं बोट आखडायचं. कॅमेरा विकायचं जवळजवळ ठरलंच होतं.

आकडे पुन्हा नीट मांडले तेव्हा दिसलं की रोलपेक्षा त्यानंतरचं डेव्हलपिंग (रसायनांनी फिल्म धुणं) आणि स्कॅनिंग मला जड जात होतं. मग कृष्णधवल रोल घरीच धुवायचे ठरवले. त्याला डार्करूम लागत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं! चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड आत न येणाऱ्या पिशवीत, हात घालून फिल्म स्पूलवर, म्हणजे रिळावर, चढवायची, ते टँकमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवून झाकण लावायचं, पुढचं सगळं उजेडात. फिल्म चढवणं मात्र हातांनीच शिकावं लागतं. वाया गेलेला एक रोल घेऊन आठवडाभर सराव केला, आधी बघून, मग डोळे मिटून. स्पूल जरा जरी ओलं असलं तरी फिल्म अडकते.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, म्हणून रोडिनाल घेतलं. सूत्र जुनं, 1891 सालचं. एकास पन्नास पातळ केलं की 300 मिलिलिटरच्या टँकला जेमतेम 6 मिलिलिटर पुरतं, आणि उघडलेली बाटलीही वर्षानुवर्षं टिकते. महिन्याला दोनच रोल काढणाऱ्याला खरी बचत इथे आहे. एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला त्यात 20 अंशांवर 11 मिनिटं लागतात. ही वेळ फिल्म कंपनीच्या माहितीपत्रकात फुकट मिळते. फिल्म आणि डेव्हलपरच्या इतर जोड्यांसाठी मॅसिव्ह डेव्ह चार्ट हा ऑनलाइन तक्ता बघते, पण पहिला विश्वास माहितीपत्रकावर. रोडिनालमध्ये दाणा ठळक येतो. मला तो आवडतो. मऊ पोत हवा असेल त्याने डी-76 हा डेव्हलपर वापरावा.

फिक्सरवर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनावर, मात्र काटकसर नको. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो, पण दर वेळी फिल्मच्या टोकाचा कापलेला तुकडा त्यात टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते बघते आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करते. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की तो बाद. त्यात चांदी उतरलेली असते, म्हणून मोरीत न ओतता घातक कचरा घेणाऱ्यांकडे देते.

स्कॅनरही घेतला नाही. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एकसारख्या पांढऱ्या उजेडाचं पॅनल, एवढ्यावर निगेटिव्हचे फोटो काढते. रंगीत रोल अजून लॅबलाच जातात. सी-41 या रंगीत फिल्म धुण्याच्या पद्धतीत डेव्हलपर 38 अंशांवर काटेकोर ठेवावा लागतो, आणि एकदा कालवलेली रसायनं फार दिवस टिकत नाहीत. बरेच रोल साठल्याशिवाय तो खटाटोप परवडत नाही.

शेवटी 100 फुटी फिल्म आणि तिच्यातून रिकाम्या डब्यांत रोल भरायचं यंत्र, बल्क लोडर, घेतलं. त्यातून 36 फ्रेमचे साधारण 18 रोल निघतात. पहिल्याच रोलचा शेवटचा फोटो निगेटिव्हवर पूर्ण काळा आला, आणि नेमका तोच मला सगळ्यात हवा होता. लोडरमध्ये भरताना टेप लावलेलं टोक उजेडात असतं, तेवढी फिल्म जळते. आता मी 36 फ्रेमपुरती फिल्म भरते, डबीवर 33 लिहिते आणि 33 झाले की थांबते.