आमची वाटचाल : रॅम आधी, कोअर नंतर

नारायण पेठेतलं आमचं दुकान लहान आहे. पुढे काउंटर, मागे टेबल, टेबलावर कुणाचं तरी उघडं मशीन. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण घरी व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका पीसीत चालणारे अनेक पीसी) चालवायला कमी पैशात भक्कम पीसी हवा असेल, तर पुण्यापासून कराड-कोल्हापूरपर्यंत लोक एकमेकांना आमचं दुकान सांगतात. जाहिरातीवर आम्ही कधी रुपया घातला नाही. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी, चालल्याशिवाय आमच्याकडून मशीन बाहेर जात नाही, गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून दारात उभं असलं तरी. मशीनसोबत रॅमच्या प्रत्येक स्टिकचा नंबर लिहिलेला कागद जातो. ही पद्धत पहिल्यापासून आहे.

२००९ साली सुरुवात केली तेव्हा टॅलीवाले आणि डीटीपीवाले हेच गिऱ्हाईक. ती वर्षं बरी गेली, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. पुढे नेटवर्किंग शिकणारी मुलं येऊ लागली. त्यांच्या आधीच्या मुलांनी भंगारातून खरे राउटर आणून खोलीत रचले होते. ह्यांना तेच सगळं एका डब्यात हवं होतं, जीएनएस३ वर आणि नंतर ईव्ह-एनजीवर, म्हणजे पीसीतच राउटरचं जाळं उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरवर. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "काका, आय७ बसेल का?"

रॅमचं कुणी विचारत नसे. सिस्कोचा साधा व्हीआयओएस, म्हणजे सॉफ्टवेअरमधला राउटर, अर्ध्या जीबीत भागवतो, पण सीएसआर१०००व्ही उभा करायचा तर एकेकाला ३-४ जीबी लागते, आणि नेक्सस ९०००व्हीला तर आठ धरूनच चालावं लागतं. असे सहा-सात जोडले की सोळा जीबीचं मशीन स्वॅपवर, म्हणजे रॅम संपून डिस्कवर, जातं आणि माउस हलेनासा होतो. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) म्हणजे वाड्यातला सामाईक नळ, आळीपाळीनं सगळ्यांचं भरतं. रॅम म्हणजे पथारी पसरायची जागा, ती ज्याची त्यालाच लागते. हे मी काउंटरवर इतक्या जणांना सांगितलंय की समोरचा मुलगा ते ऐकून रॅमचा आकडा वाढवणार की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

आय७-२६००के प्रोसेसर घेऊन येणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटायचं. ‘के’साठी जास्त पैसे मोजलेले, आणि नेमकी व्हीटी-डी (कार्ड थेट व्हीएमला देण्याची सोय) त्याच प्रोसेसरात नाही, साध्या २६००मध्ये आहे. नेटवर्क कार्ड थेट व्हीएमला द्यायचं म्हटलं की हे उघडकीला यायचं. प्रोसेसर घेण्याआधी कंपनीच्या यादीत व्हीटी-एक्स (व्हीएम चालवण्याची सोय) आणि व्हीटी-डी दोन्ही आहेत का ते बघा, मदरबोर्डच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) तो पर्याय दिसतो का ते बघा, मग खिशात हात घाला.

२०१६च्या सुमारास मोठ्या डेटा सेंटरमधून निघालेले इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर झिऑन ई५-२६७० बाजारात येऊ लागले. आठ कोअर, सोळा थ्रेड, आणि भाव नव्या आय५पेक्षा कमी. पाठोपाठ लीजवरून परतलेली वर्कस्टेशन दिल्लीच्या नेहरू प्लेसहून मिळू लागली. एचपीची झेड४२० ही माझी आवडती. रॅमचे आठ स्लॉट, ६४ जीबीपर्यंत जागा, आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असा की लोकल कॅबिनेटबरोबर येणाऱ्या ‘५०० वॉट’वाल्यानं त्याच्या शेजारी बसूही नये.

पण जुना माल आला तसा विकायचा नसतो. ह्या झिऑनच्या एलजीए २०११ सॉकेटमध्ये पिना मदरबोर्डवर असतात, प्रोसेसरवर नाही. वाटेत कुणी प्रोसेसर तिरका काढला की एखादी पिन केसाएवढी वाकते. मशीन चालू होतं, विंडोज येते, सगळं ठीक दिसतं. फक्त ६४ऐवजी ४८ जीबी दिसते, कारण त्या पिनेवरचं मेमरी चॅनेल, म्हणजे प्रोसेसर ते रॅम हा रस्ता, मेलेलं असतं. घाईतला दुकानदार रॅम खराब म्हणून परत पाठवतो. आम्ही टेबललँप आडवा धरतो, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावतो आणि ओळी बघतो. सरळ पिनांच्या टोकांवर उजेड एका रेषेत चमकतो, वाकडी तेवढी काळी दिसते. शिसं काढलेल्या ०.५च्या क्लच पेन्सिलीचं तोंड तिच्यावर अलगद बसवायचं आणि जरा उचलायचं. चिमटा वापरू नका, चिमट्यानं शेजारची जाते. माझी पेन्सिल अजून तीच आहे, कुणाला हात लावू देत नाही.

दुसरं हत्यार सीएच३४१ए प्रोग्रामर, बायॉसची चिप पुन्हा लिहिणारं. बायॉस मेलेला बोर्ड ह्यानं उठतो. पण काळ्या रंगाच्या स्वस्त प्रोग्रामरमध्ये चिपला पुरवठा ३.३ व्होल्ट असला तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. मीटर लावून बघा. आम्ही तो सुधारून घेतला, म्हणून आमच्या हातून चिप गेल्या नाहीत.

आता आमच्या एका जुन्या कारागिराबद्दल, कारण त्याच्याशिवाय ही वाटचाल अर्धी राहील. नाव लिहीत नाही. आमच्याच टेबलावर शिकला. भिंग कसं धरायचं, थर्मल पेस्ट किती लावायची, नेहरू प्लेसमध्ये कुणाशी बोलायचं, सगळं इथलं. २०१८ला सांगून गेला, त्याचं दुःख नाही. दोन गल्ल्या सोडून दुकान काढलं आणि आमच्या दराच्या कागदावरून आपला कागद केला, प्रत्येक ओळीत थोडे कमी. माल मात्र तो नव्हता. ‘एक्स९९’ नावाचे चिनी बोर्ड आणायचा. हीटसिंक काढून बघितलं तर खाली जुन्या डेस्कटॉपमधून उचललेला बी८५ किंवा एच८१ चिपसेट. चार चॅनेलचा प्रोसेसर आणि बोर्डवर दोनच चॅनेल. वर ‘चौदा कोअर’ असं मोठ्या अक्षरात. गिऱ्हाईक चौदा वाचायचं आणि तिकडे जायचं. मेमटेस्ट नाही, कागद नाही. चार महिन्यांनी तेच मशीन रात्री दोनला आपोआप बंद पडतंय म्हणून आमच्याकडे यायचं. आम्ही दुरुस्त करून द्यायचो, नेहमीच्या दरात. मनाला लागायचं ते लागायचंच.

२०२०च्या सुरुवातीला एका प्रशिक्षण संस्थेनं मोठी ऑर्डर दिली. झेड४२०, प्रत्येकी ६४ जीबी, ईव्ह-एनजी टाकून. आगाऊ रक्कम आली ती मालाच्या मानानं अगदी किरकोळ, बाकी आम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटमधून घातली. दुकानात जागा नव्हती, म्हणून मशीन धायरीला भावाच्या घराच्या तळमजल्यावर जुळवली. मार्चच्या मध्यात सगळी तयार. २५ मार्चला देश बंद झाला.

संस्थेनं आधी फोन उचलले, मग उचलायचे बंद केले. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या, दुकानापर्यंत जाता येईना. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना मुदत दिली, पण व्याज थांबलं नव्हतं, हे लोक विसरतात. नेहरू प्लेसच्या व्यापाऱ्याला दिलेले पुढच्या तारखांचे चेक समोर दिसत होते. सौ. हिशेबाची वही उघडून बसायची आणि काही न बोलता मिटायची. पुढे कळलं, की संस्था उघडल्यावर त्यांनी तीच मशीन, म्हणजे त्यांच्या मते तीच, दोन गल्ल्यांपलीकडून घेतली. आमची ऑर्डर लेखी होती. कोर्टात जायला तेव्हा पैसा नव्हता.

वाचवलं ते कराडच्या सरांनी. सर नेटवर्किंगचा क्लास चालवतात. २०१३ला पहिलं मशीन नेलं, तेव्हा कागदावरचे रॅमचे नंबर स्टिक काढून ताडून बघितले होते. असं गिऱ्हाईक भाग्यानं मिळतं. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "शेठ, तुमच्याकडे मशीन पडून आहेत, माझ्याकडे पोरं घरात बसून आहेत. ती मशीन नेटवर लावा. मी महिन्याचं भाडं देतो, आधी देतो."

लावली. सगळी लावायला घराचा वीजभार पुरेना, म्हणून आधी बारा. एकेक साधारण ९० वॉट, म्हणजे दिवसाला २६ युनिट. खाली प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हीएम चालवणारी प्रणाली, त्यात ईव्ह-एनजी. व्हीएमच्या आत व्हीएम चालवायची असेल तर प्रॉक्समॉक्समध्ये प्रोसेसरचा प्रकार ‘होस्ट’ ठेवा, नाहीतर आतलं काही उठत नाही. वायरगार्ड (नेटवरून सुरक्षित आत येण्याचा रस्ता) नुकतंच, मार्चच्या शेवटी, लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये आलं होतं. त्यावरून मुलं आत यायची. एकाच प्रकारचे राउटर डझनानं चालत असले की मेमरीतली सारखी पानं कर्नल एकदाच ठेवतो, त्या केएसएममुळे एका मशीनवर अंदाजापेक्षा जास्त मुलं मावली. पाटणचा एक मुलगा रात्री अकराला बीजीपी (नेटवर्कं एकमेकांना जोडण्याची पद्धत) शिकत बसलेला मला लॉगमध्ये दिसायचा.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरनं थोडा वेळ काढला आणि सगळी मशीन एकदम विझली. त्यांत आम्ही सेकंडहँड, पण सर्व्हरसाठीच्या एसएसडी घातल्या होत्या, इंटेल डीसी एस३५००. वीज गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करायला त्यांच्यावर कपॅसिटर असतात. वीज आल्यावर एकूणएक लॅब जशीच्या तशी उठली. सरांना फोन केला तर म्हणाले, "मला वाटलंच होतं." त्या वाक्याचं मोल मला कुठल्या प्रशस्तिपत्रात मिळालं नसतं. त्या भाड्यावर चेक वटले. वर्षअखेरीला सरांनीच अर्धी मशीन विकत घेतली, घासाघीस न करता.

आज कुणी ४० हजार घेऊन आला तर त्याला मी जुनं झिऑन लगेच सुचवत नाही. ९० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ६५ युनिट, ते बिल तुमच्या घरी येणार. घरी सतत चालू ठेवायचं असेल तर रायझन ५ ५६००जी बघा. ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही, आणि रिकामा असताना वीज फार कमी खातो. बोर्ड मात्र चार स्लॉटचाच घ्या. आज सोळाच्या दोन स्टिक, बाकीचे दोन स्लॉट पुढच्या पगाराला. सर्व्हरच्या रजिस्टर्ड स्टिक स्वस्त दिसतात म्हणून आणू नका, साध्या बोर्डावर त्या चालत नाहीत. नेटवर्कसाठी जुनं इंटेल आय३५० कार्ड घ्या. व्हीएम चालवणाऱ्या ईएसएक्सआय प्रणालीत ७ पासून रिअलटेकचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत, आणि बरीच मुलं तिथेच अडकतात. २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले तेव्हापासून तर मी सांगतो, केस, लाइट, काच सगळं कापा, रॅमचं कापू नका.

त्या संस्थेचा माणूस मध्यंतरी कोटेशन मागायला आला होता. नवा होता, त्याला मागचं काही माहीत नसावं. चहा दिला, दर लिहून दिले आणि खाली एक ओळ घातली : पूर्ण रक्कम आधी. अजून उत्तर आलेलं नाही. सरांची नवी ऑर्डर मात्र टेबलावर आहे, त्यातल्या दोन मशीनची मेमटेस्ट आज रात्री लागेल.