नान्नजच्या ओढ्यात माळढोक

माळढोक पक्षी बघायला आम्ही निघालोच नव्हतो. सोलापुरात राहून नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या इतक्या खेपा झाल्या, की ती आशा कधीच सोडून दिली होती. एखाददुसरी मादी दिसल्याची बातमी कानावर यायची, तेवढंच. त्या सकाळी आम्ही लांडगा आणि धाविक (माळावर धावणारा एक छोटा पक्षी) डोक्यात धरून गेलो होतो.

अभयारण्याबाहेर, शेतमालकाला विचारून, ओढ्याच्या घळीतून चालत होतो. पावसाळा सरत आला होता. पाणी आटलेलं, पण काठाचा चिखल अजून ओला. त्यात एक ठसा दिसला: तीन जाड, आखूड बोटं. मागचं बोट नाहीच. मोराचा म्हणावा, तर मोराला मागचं बोट असतं. शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढला. खरं सांगायचं तर तेव्हा काही उमगलं नव्हतं.

घळीतून डोकं वर काढलं, तर मेंढ्या राखणारे एक मामा हातानेच खुणावत होते. "पावणं, खाली बसा. हुबं ऱ्हायलं की जातंय ते."

दोनेकशे मीटरवर, कुसळी गवताच्या वर एक राखाडी-पांढरी मान. डोक्यावर काळी टोपी. छातीवर नराचा असतो तसा ठळक काळा पट्टा नव्हता, म्हणजे मादी. एक पाऊल टाकायची, थांबायची, मान ताठ करून बघायची, मग वाकून टोळ उचलायची. दहा मिनिटं झाली असतील. माझे हात इतके थरथरत होते, की दुर्बीण गुडघ्यावर टेकवावी लागली. मग ती शेजारच्या तुरीत शिरली. आम्ही मागे गेलो नाही.

जाणाऱ्यांनी हे एवढं जरूर करा. पावसाळा हा यांचा विणीचा काळ. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. त्यामुळे गवतात शिरू नका, पायवाट सोडू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. जगात आता हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरलेत. एक अंडं तुडवलं गेलं तर ते भरून निघत नाही. फोटो टाकलात तरी जागा सांगू नका, आम्हीही इथे ओढ्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही.

नान्नज सोलापूरपासून वीसेक किलोमीटर, बार्शी रस्त्यावर. वैरागमार्गे जाणारी एसटी सोडते. अभयारण्य १९७९ पासूनचं आहे. आत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा. उजाडायच्या आत पोहोचा, नऊनंतर उन्हाच्या झळांत दुर्बिणीतून सगळं हलतं. सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी हवंच. पँट जाड कापडाची घाला, कुसळं मोज्यातून थेट कातडीत शिरतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्या.

परतताना रस्त्याकडेच्या विजेच्या तारांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. माळढोकाला समोरचं फार कमी दिसतं, आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. जीव घाबरला.

त्याच दुपारी वनरक्षकांना वेळ, दिशा आणि फोटो दिला. पक्ष्याचा फोटो धूसर होता. त्यांनी ठशाचाच मोठा करून पाहिला, नाण्याशी ताडला आणि वहीत नोंद केली. तेव्हा खिशात एक नाणं असू द्या.