त्या हिरव्या दिव्याचा अर्थ काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तो हिरवा दिवा म्हणजे नक्की काय हो?"

कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी दर वर्षी ऐकत आलेय. परीक्षा तोंडावर आली की जास्तच. अलीकडे जुने विद्यार्थीही विचारतात, कुणी सिनेमा बघून, कुणी मुलीच्या अभ्यासाला पुस्तक आलं म्हणून. परवा एकीने फोनवर विचारलं आणि लगेच म्हणाली, "एका वाक्यात सांगा ना." एका वाक्यात मला सांगता आलं नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

पुस्तक आहे एफ. स्कॉट फिट्झजेराल्डचं 'द ग्रेट गॅट्सबी'. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्सने 10 एप्रिल 1925 रोजी काढलेली ही छोटीशी, नऊ प्रकरणांची कादंबरी. वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. 1922 चा उन्हाळा आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, खाडीच्या एका काठाला, जे गॅट्सबी नावाचा तरुण राजवाड्यासारख्या घरात राहतो आणि दर आठवड्याला मोठमोठ्या पार्ट्या देतो. पैसा आला कुठून हे पाहुण्यांपैकी कुणालाच धड माहीत नाही. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, आणि त्याच्या पैशात चोरट्या दारूचा वाटा मोठा आहे. समोरच्या काठाला पिढीजात श्रीमंतांची वस्ती, तिथे डेझी राहते. पाच वर्षांपूर्वी गॅट्सबी कफल्लक लष्करी अधिकारी होता तेव्हा दोघांचं प्रेम होतं. पुढे तिने टॉम ब्युकॅनन या गडगंज माणसाशी लग्न केलं. गॅट्सबीने घर घेतलंय ते बरोब्बर तिच्या समोर, मधे फक्त पाणी. आपल्याला हे सगळं सांगतो तो निक, गॅट्सबीचा शेजारी आणि डेझीचा लांबचा भाऊ.

पहिल्या प्रकरणाच्या शेवटी रात्री निकला गॅट्सबी पहिल्यांदा दिसतो. एकटाच हिरवळीवर उभा आहे, अंधाऱ्या पाण्याकडे हात पसरलेले, अंग थरथरतंय. निक त्या दिशेला बघतो तर काहीच नाही, फक्त लांबवर एक बारीकसा हिरवा दिवा, एखाद्या धक्क्याच्या टोकाला असावा तसा.

सुरुवातीची काही वर्षं मी हे शिकवताना फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. हिरवा दिवा म्हणजे आशा, राखेची दरी म्हणजे नैतिक ऱ्हास, चष्म्यातले डोळे म्हणजे देव, पिवळा रंग म्हणजे पैसा. मुलं उतरवून घ्यायची, पेपरात लिहायची, मार्क मिळायचे. गाईडांतही हेच असतं. यातलं एकही उत्तर साफ चूक नाही. पण तो तक्ता पाठ झाला की मुलं पुस्तकाकडे परत जातच नसत, आणि त्याला मी जबाबदार होते. मग एका वर्षी पाचवं प्रकरण वर्गात मोठ्याने वाचताना मीच थबकले.

पाचव्या प्रकरणात डेझी गॅट्सबीच्या घरी येते. बाहेर पाऊस, खाडीवर धुकं. खिडकीशी उभा राहून तो तिला म्हणतो, धुकं नसतं तर इथून तुझं घर दिसलं असतं, तुमच्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर एक हिरवा दिवा जळत असतो. ती पटकन त्याच्या हातात हात घालते. त्याचं लक्षच नाही, तो आपल्याच बोलण्यात अडकलाय. निकला वाटतं, त्या दिव्याचं प्रचंड मोल कदाचित आत्ता, या क्षणी कायमचं गेलं हे त्याला जाणवलं असावं. आता तो पुन्हा कुणाच्या तरी धक्क्यावरचा एक दिवा झाला. गॅट्सबीच्या जादूच्या वस्तूंमधली एक कमी झाली.

पुस्तकाच्या ऐन मध्यावर लेखकाने आपल्या हाताने तो दिवा साधा करून टाकला! दिवा म्हणजे आशा, एवढंच खरं असतं तर डेझी हातात हात घालून उभी असताना तो जास्त झळकायला हवा होता. घडतं उलट. त्या दिव्यात जे काही होतं, ते बघणारा लांब होता तोवरच होतं. तेव्हापासून मी मुलांना सांगते की वस्तूचा अर्थ नंतर बघू. आधी सांगा, तिच्याकडे बघतंय कोण, कुठे उभं राहून बघतंय आणि त्या माणसाला काय हवंय.

असं विचारलं की तक्त्यातल्या बाकीच्या ओळीही हलायला लागतात. राखेची दरी घ्या. वस्तीतून शहरात जाताना वाटेत राखेचं एक मैदान लागतं, राखेच्याच टेकड्या, राखेने माखलेली माणसं. हे काही लेखकाने कल्पनेतून आणलेलं नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कोरोना इथे खरोखरच असा डेपो होता. घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्यांची राख तिथे आणून टाकत. फिट्झजेराल्ड 1922 ते 1924 या काळात लाँग आयलंडवर ग्रेट नेक इथे राहत होता, आणि शहराकडे जाताना ही राख वाटेवरच होती. पुढे ती जागा सपाट करून 1939 चं जागतिक प्रदर्शन तिथे भरलं, आज तिथे मोठी बाग आहे. श्रीमंतांची घरं ज्या कोळशाने ऊबदार राहायची त्याची राख कुठेतरी जाणारच. हे ठाऊक झाल्यावर 'नैतिक ऱ्हास' हे शब्द मला फारच पोकळ वाटायला लागले.

त्या राखेवर एक जाहिरातीचा फलक आहे. डॉ. टी. जे. एकलबर्ग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा. चेहरा नाही, नाक नाही, फक्त पिवळ्या चष्म्यातले दोन अवाढव्य निळे डोळे. धंदा वाढावा म्हणून लावलेला फलक, मालक कधीच गेला, उन्हापावसात रंग उडत चाललाय. तिथेच विल्सनचं गॅरेज आहे. त्याची बायको मर्टल गॅट्सबीच्या गाडीखाली सापडून मरते. ती रात्र तो जागून काढतो. पहाटे खिडकीतून बाहेर बघत तो म्हणतो, "देव सगळं बघतो." सोबतीला शेजारी मायकेलिस बसलेला असतो. विल्सन कुठे बघतोय हे कळल्यावर तो दचकतो आणि म्हणतो, "अहो, ती जाहिरात आहे."

डोळे म्हणजे देव असं लिहिणाऱ्या मुलाला मी मायकेलिसचं वाक्य दाखवते, आणि ही नुसती पाटी आहे म्हणणाऱ्याला विल्सनचं. दोघेही त्याच खिडकीत उभे आहेत. एकाची बायको गेलीय, दुसऱ्याला सकाळी आपली खानावळ उघडायचीय.

हाच मायकेलिस अपघाताचा साक्षीदार आहे. पोलिसाला तो गाडीचा रंग फिकट हिरवा सांगतो. दुसरा एक जण पिवळा सांगतो. आणि निकने आधी त्याच गाडीचं वर्णन दाट सायीच्या रंगाची असं केलेलं असतं. एक गाडी, तीन रंग! पिवळा म्हणजे पैसा असं लिहून मोकळं झालेल्या मुलाला मायकेलिसचा हा हिरवा कधी दिसतच नाही. मला स्वतःला तो दिसायला दोन-तीन वाचनं लागली, आणि दिसला तेव्हा अंगावर काटा आला.

शर्टांबद्दलही खूप जण विचारतात. गॅट्सबी कपाट उघडून इंग्लंडहून मागवलेले शर्ट एकामागून एक टेबलावर टाकत जातो, तलम लिनन, जाड रेशीम, मऊ फ्लॅनेल, त्यांवर निळ्या धाग्यात काढलेली आद्याक्षरं. ढीग वाढत जातो आणि डेझी त्यात तोंड खुपसून रडायला लागते, इतके सुंदर शर्ट मी कधी पाहिले नव्हते म्हणते. ती पैशाला हपापलेली आहे म्हणून रडते, असं बहुतेक गाईडं सांगतात. मला ते पटत नाही. पाच वर्षांत या माणसाने आपल्यासाठी काय काय केलं, हे तिला त्या कपड्यांच्या ढिगात एकदम दिसतं. आणि ते बोलून दाखवायला तिच्याकडे दुसरे शब्दच नाहीत, कारण ती लहानाची मोठी झालीय ती वस्तूंचं कौतुक करणाऱ्या माणसांत. "तिच्या आवाजात पैसा भरलाय," हे पुढे गॅट्सबी स्वतःच म्हणतो. म्हणजे त्यालाही ते कळलेलं आहे, आणि कळूनही तो तिच्यासाठी सगळं पणाला लावतो.

पण मला विचाराल तर या पुस्तकात श्रीमंतीचं सगळ्यात खरं चित्र आहे ते तिसऱ्या प्रकरणातल्या संत्र्यांचं. त्याबद्दल मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या एका फळवाल्याकडून संत्र्यालिंबांची पाच खोकी येतात. दर सोमवारी तीच संत्री, तीच लिंबं मागच्या दाराने बाहेर जातात, गर काढलेल्या अर्ध्या अर्ध्या वाट्यांचा ढीग होऊन. स्वयंपाकघरात एक यंत्र आहे. अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढतं, फक्त एका छोट्या बटणावर बटलरचा अंगठा दोनशे वेळा दाबला गेला पाहिजे. एवढंच. पुढच्या वाक्यापासून पार्टीची तयारी सुरू होते.

हे वाचून दाखवल्यावर वर्गात एकदा एक मुलगा उठून उभा राहिला. घरची रसवंती होती त्याची, सुटीत चरकावर तोच असायचा. म्हणाला, "मॅडम, दोनशे वेळा दाबायचं म्हणजे अंगठा दुखून येतो. मग यात यंत्र कोण?" संध्याकाळी चिपाडं कोण उचलतं, हे त्या मुलाला माहीत होतं. पार्टीत शेकडो लोक येतात, पेले भरले जातात, पण मागच्या दाराकडे कुणीच बघत नाही, गॅट्सबीही नाही. त्या संत्र्यांना कुणाच्या नजरेची जादू चिकटलेली नाही, म्हणून ती तक्त्यात येत नाहीत. फिट्झजेराल्डने मात्र ती मोजून लिहून ठेवली. वार, खोकी, अंगठ्याचे दाब, सगळं.

त्या घरात एक लायब्ररीही आहे. तिथे जाड चष्मा घातलेला एक पाहुणा पुस्तकं काढून बघतो आणि थक्क होतो, कारण पुस्तकं खरी निघतात, नुसते पुठ्ठे नाहीत. फक्त पानं कापलेली नाहीत. त्या काळी बऱ्याच पुस्तकांची पानं कडेला जुळलेली यायची, वाचायची तर सुरीने कापावी लागायची. एकही पान न कापलेलं ते पुस्तक एखाद्या मुलाच्या हातात आहे असं समजा, असं मी वर्गात सांगते. मग आणखी काही समजावावं लागत नाही.

शेवटच्या पानावर हिरवा दिवा परत येतो. गॅट्सबी आता या जगात नाही. निक रात्री वाळूवर पडलाय आणि त्याच्या मनात शेकडो वर्षांपूर्वीचे डच खलाशी येतात, ज्यांनी हा किनारा पहिल्यांदा पाहिला तेव्हा इथे नुसती गर्द हिरवाई होती. खलाशांना दिसलेला तो हिरवा रंग आणि गॅट्सबीचा दिवा तो एका धाग्यात गुंफतो. हा मजकूर फिट्झजेराल्डने हस्तलिखितात आधी पहिल्या प्रकरणाच्या शेवटी लिहिला होता. मग तो तिथून उचलून पुस्तकाच्या अगदी शेवटी नेला. मला वाटतं हा पुस्तकातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. पहिल्याच प्रकरणात तो मजकूर राहिला असता तर आपण दिवा बघायच्या आधी त्याचा अर्थ वाचला असता. आता आपण आधी गॅट्सबीबरोबर अंधारात उभे राहतो, मग डेझीबरोबर खिडकीशी, आणि सगळं हातचं गेल्यावर निकबरोबर वाळूवर. तो दिवा तीनदा बघून झालेला असतो, तिन्ही वेळा वेगळ्या अंतरावरून.

पुस्तकाचं स्वतःचंही काहीसं असंच झालं. ते फिट्झजेराल्डच्या अपेक्षेइतकं खपलं नाही. 1940 साली तो गेला तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती न विकता पडून होत्या. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना वाटायला म्हणून त्याच्या दीड लाखांवर खिशात मावणाऱ्या प्रती छापल्या गेल्या. घरापासून हजारो मैलांवर, पाण्यापलीकडे बसलेल्या पोरांनी तो दिवा वाचला.

फोन करणाऱ्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. पुस्तक हाताशी होतं, त्यातलं नववं प्रकरण उघडून एक परिच्छेद वाचून दाखवला. गॅट्सबीच्या अंत्यविधीला त्याचे वडील मिनेसोटाहून आलेत. साधे, थकलेले गृहस्थ. मुलाच्या त्या टोलेजंग घरात उभे राहून ते पाकिटातून एक फोटो काढतात आणि निकला दाखवतात. मुलाने पूर्वी पाठवलेला. फोटो त्याच घराचा आहे. कोपरे चिरलेत, खूप हातांतून फिरून मळलाय. "हे बघा," म्हणत ते त्यातली एकेक गोष्ट बोटाने दाखवतात आणि निकच्या चेहऱ्याकडे बघतात. निकला वाटतं, इतक्यांदा दाखवून झालाय की यांना आता घरापेक्षा हा फोटोच जास्त खरा वाटत असावा. फोटो परत पाकिटात ठेवायला म्हाताऱ्याचा जीव होत नाही. आणखी मिनिटभर ते तो निकच्या डोळ्यांसमोर तसाच धरून ठेवतात.