अनुदानाची यादी आणि अनुदानाचा हिशेब

पंतप्रधान किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तहसील, ब्लॉक आणि गाव निवडले की त्या गावातील लाभार्थ्यांची नावे कोणालाही वाचता येतात. देपालपूर तहसिलीतील ज्या गावात आमच्या कुटुंबाची थोडी शेती आहे, तेथील यादी मी इंदूरमध्ये घरी बसून पाहतो आणि ही सोय मला मनापासून मोलाची वाटते. वर्षाला ६००० रुपये सर्वांना सारखेच मिळत असल्यामुळे नाव कळले की रक्कमही कळते. आयकर भरणारे या योजनेत बसत नाहीत. तरीही २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींच्या खात्यांत १३६४ कोटी रुपये गेल्याचे जानेवारी २०२१ मध्ये माहितीच्या अधिकारातून बाहेर आले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक आयकरदाते होते.

शेतमालाच्या भावातला फरक भरून देणाऱ्या भावांतर योजनेत मात्र नावांची यादी पुरेशी नाही. जून २०१७ मध्ये मंदसौरला भावासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मध्यप्रदेश सरकारने आठ पिकांसाठी ही योजना आणली, आणि २०२५ मध्ये सोयाबीनसाठी ती पुन्हा सुरू केली. तिचा हिशेब असा, की शेतकऱ्याने मंडीत माल विकायचा आणि हमीभावापेक्षा कमी मिळालेली रक्कम सरकारने भरून द्यायची. परंतु विक्रीचा भाव सरकारने मंड्यांतील भावांवरून काढलेल्या ‘मॉडेल दरा’पेक्षाही खाली असेल, तर केवळ हमीभाव आणि मॉडेल दर यांच्यातलाच फरक मिळतो. २०१७ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३०५० रुपये होता. मॉडेल दर समजा २६०० ठरला, तर २८०० ने विकणाऱ्याला २५० रुपये मिळून त्याचा हमीभाव पूर्ण होतो, आणि २३०० ने विकणाऱ्याला ४५० मिळूनही त्याच्या हाती २७५० च राहतात. शिवाय किती क्विंटलांवर पैसे मिळणार, यावर जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेची मर्यादा असते. बँकेच्या संदेशात मात्र फक्त जमा रक्कम येते. ती कोणत्या दरावरून आणि किती मालावर निघाली, हे शेतकऱ्याला आपल्या नावासमोर वाचता आले पाहिजे. तसेच मॉडेल दर कोणत्या मंड्यांच्या कोणत्या दिवसांच्या भावांवरून काढला, तेही.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावा, असे सांगते. खासगीपणाचा प्रश्न खरा आहे, हेही मी मानतो. युरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी, जर्मनीतील हेसेन राज्यातून आलेल्या प्रकरणात, युरोपीय शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तिगत शेतकऱ्यांची नावे सरसकट प्रसिद्ध करण्याचा नियम रद्द ठरवला. त्यानंतरच्या नियमांत नावे पुन्हा आली, पण १२५० युरोपर्यंतची मदत घेणाऱ्यांची नावे वगळण्यात आली. आपल्याकडेही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम अधिक कडक केले आहे. आधार, खाते क्रमांक आणि मोबाईल क्रमांक झाकलेच पाहिजेत. पण लहान रकमांची नावे वगळण्याची युरोपीय पद्धत माळव्यात उलटी पडेल, कारण येथे लहान शेतकऱ्याचेच नाव गळते आणि त्याचीच दाद लागत नाही.

त्याहून अडचणीत असतो तो बटाईदार, म्हणजे दुसऱ्याची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणारा. इंदूरमध्ये राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची जमीन सांवेर, देपालपूरकडे बटाईने दिलेली आहे. पेरणी एकाची, आणि पटवाऱ्याच्या (तलाठ्याच्या) कागदावर नाव दुसऱ्याचे. २०१६ मध्ये मध्यप्रदेशाने भूमिस्वामी आणि बटाईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा केला, पण लेखी करार नसेल तर बटाईदाराजवळ दाखवायला काहीच नसते. म्हणून भावांतरच्या यादीत जमीनमालकाच्या नावाशेजारी पीक कोणी घेतले, याचा रकाना असावा, आणि पैसे खात्यांत जाण्याआधी ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, म्हणजे ज्याने पेरले त्याला तेथेच उभे राहून हरकत घेता येईल.