टिकलीएवढी चकती जमते हो, ताटाएवढी करून दाखवा

कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीत क्वालिटीला चौदा वर्षं काढली, त्यामुळं पिनहोल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कास्टिंग वरनं चकाचक, मशीनिंगला गेलं की आत भोकं, आणि फोन मला. परवा मामेभाऊ जेवायला आलता, तो बाकीच्या गॅसमधनं हायड्रोजन वेगळा करायच्या सिरॅमिक मेंब्रेनवर, म्हणजे पडद्यावर, काम करतो, आणि त्याचंही रडगाणं पिनहोलचंच निघालं. तांबडा रस्सा गार झाला तरी आम्ही बोलतच बसलो.

मला वाटलेलं मेंब्रेन म्हणजे बारीक चाळण. तसं नाही, हे एकदम घट्ट, बिनभोकाचं. बेरियम, सेरियम, झिर्कोनियमचं ऑक्साइड, त्यात थोडं यिट्रियम. ६००-९०० अंशांवर हायड्रोजन इलेक्ट्रॉन सोडतो, उरलेला प्रोटॉन एका ऑक्सिजनवरनं दुसऱ्यावर उड्या मारत पलीकडं जातो, आणि बाकीच्या गॅसला वाटच नाही. प्रोटॉन असा पळवणारं सिरॅमिक जपानचे शास्त्रज्ञ इवाहारा यांनी १९८१ सालीच दाखवलंय. मग ४० वर्षं काय करत होता, असं मी विचारलंच.

तर म्हणे टिकलीएवढी चकती जमते, ताटाएवढी करताना वांदे. पडदा जेवढा पातळ तेवढा गॅस जास्त, म्हणून थर १०-२० मायक्रॉनचा, केसापेक्षा बारीक, आणि मोडू नये म्हणून खाली जाड सच्छिद्र आधार. पावडर, बाइंडर (ती धरून ठेवणारा डिंकासारखा माल), सॉल्व्हंट बॉल मिलमध्ये घोटायचं, व्हॅक्युम लावून बुडबुडे काढायचे (एक राहिला की पिनहोल), मग प्लॅस्टिक फिल्मवर पट्टीखालनं ओढून सपाट पसरायचं. वाळवायची घाई केली की तडा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत कुणालाही विचारा, शाडूची मूर्ती उन्हात ठेवली की काय होतं.

खरी मजा भट्टीत. आधी बाइंडर हळूहळू जाळायचा, मग १४००-१५०० अंश. २० सेंमीची शीट १६-१७ वर येते, आणि वरचा थर नि खालचा आधार सारखे आकसले नाहीत तर निखाऱ्यावरच्या पापडागत वाकते. त्यात बेरियम उडून जातं, म्हणून भोवती त्याच मालाची पावडर ठेवतात. सेरियम जास्त घातलं तर कार्बन डायऑक्साइड पडद्याला खातो, झिर्कोनियम वाढवलं तर भट्टी अजून तापवा. लई वांदे.

म्हटलं आम्ही लिकेज असेल तर रेझिन भरून इंप्रेग्नेशन करतो, तुम्ही पण करा. तो हसला, "दादा, ८०० अंशांवर रेझिन काय राहतंय?" मग मी मोबाईलवर हिशेब केला. प्रत्येक शीट धड निघायची शक्यता ९५ टक्के धरली आणि अशा २० शीट एकावर एक लावून स्टॅक बांधला, तर सगळ्या धड असायची शक्यता ३६ टक्के! आमच्याकडं ५ टक्के रिजेक्शन आलं तर साहेब पेढे वाटतील.

जाताना त्यानं एक वाकडी रिजेक्ट शीट दिली. सोमवारी कंपनीत तिच्या घट्ट बाजूला आपला नेहमीचा लाल डाय पेनिट्रंट (बारीक भोकात शिरून ती दाखवणारा रंग) लावला, दहा मिनिटांनी उलटी केली. मागं एक लाल ठिपका, मोहरीपेक्षा बारीक. फोटो काढून पाठवला.

त्याचा रिप्लाय आला, "एकच?"