सरांनी दादांचे पैसे घेतले नाहीत

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं आणि खरं सांगतो, डोळ्यासमोर पहिल्यांदा इमारत नाही, ग्राउंड नाही, संचयिकेची, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या बचत बँकेची, ती हिरवी पत्र्याची पेटी आली. आणि पेटीशेजारी सर. आमच्या ८९ च्या बॅचला कोणते सर ते सांगायला नको.

नववीत मी संचयिकेचा कॅशियर होतो. शनिवारी शाळा सुटली की पोरं रांग लावायची, कुणी १ रुपया कुणी २, पासबुकात लिहायचं, वहीत मांडायचं. दिवाळीच्या सुट्टीआधी हिशोब जुळवायला बसलो तर ४२ रुपये कमी. तीनदा मोजले, पासबुकं एकेक करून ताडली, तरी कमीच. घरी रडतच गेलो. मी एकुलता एक, आईने कधी ओढ्याकडे एकट्याला जाऊ दिलं नव्हतं, वही विसरली तर दादा सायकलवर आणून द्यायचे (आम्ही वडलांना दादाच म्हणायचो). दुसऱ्या दिवशी दादा ४२ रुपये घेऊन स्टाफरूमच्या दारात हजर. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला, पण पैसे काही घेतले नाहीत. म्हणाले, "पेटीची किल्ली तुमच्याकडं नव्हती, त्याच्याकडं होती."

दादांना लय राग आला होता. सुट्टीभर मी चुलत्यांच्या रानात बायांच्या ओळीत बसून मजुरीने भुईमुगाच्या शेंगा तोडल्या, बोटं सोलून निघाली, आई बांधावर येऊन डोळे पुसत उभी राहायची आणि चुलती तिला घरी लावून द्यायची. शाळा उघडल्यावर पैसे सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी दोनदा मोजले, वहीत माझ्याच हाताने लिहायला लावले आणि किल्ली परत माझ्याच हातात दिली. ओरडले नाहीत, शाबासकी पण नाही. वर्षअखेरपर्यंत कॅशियर मीच.

आज बँकेत २८ वर्षं झाली, शाखाधिकारी आहे, ते त्या किल्लीमुळे. रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच १० वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली, पण माझ्यासमोर बावीस वर्षांचा इंजिनिअर बसतो आणि फॉर्म भरतात त्याचे वडील. त्यांना तरी काय बोलू. मागच्या वर्षी माझ्या मुलाचा हॉस्टेलवरून रात्री फोन, गॅदरिंगच्या वर्गणीत ३ हजार कमी पडतायत, हिशोब लागत नाहीये, पप्पा पाठवा ना. मी पाठवले. एक मिनिट पण लागलं नाही. नंतर रात्रभर सर आठवत राहिले, तळमळत पडलो होतो.

गेल्या महिन्यात शाळेत आलो होतो, पेटी कुठे दिसली नाही. महोत्सव समितीने संचयिका परत सुरू करायचं मनावर घ्यावं. पेटीचा, वह्यांचा खर्च आमची बॅच करेल, फक्त मोजायला मुलांनाच बसवा आणि किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.